बैलाचे दात बघता तसे पोराचे पण बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात जनावरांच्या बाजाराचा एक फोटो आला होता. एक हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, खिलार खोंडाची वेसण धरून, खालचा ओठ अंगठ्यानं दाबून दात बघतोय आणि मागं चार-पाच जण वाकून त्याच तोंडात बघतायत. फोटो फार आवडला, कापून ठेवलाय. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३३ वर्षं माण आणि खटाव तालुक्यात काढली, अशी तोंडं किती उघडली त्याचा हिशोब नाही, आणि त्याच्या आधी लहानपणी वडलांचा हात धरून पुसेगावच्या आणि खरसुंडीच्या जत्रेत पण हेच बघत उभा राहायचो. पण यावेळी फोटो बघून बरं वाटायच्या ऐवजी पोटात कालवलं, ते का हे सांगायला हे पत्र लिहितोय. पत्र लांबणार आहे. जागा कमी असेल तर जनावरांची माहिती गाळा, पोरांची गाळू नका.

माझा नातू ८ वर्षांचा, तिसरीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री गाल धरून रडायला लागला, सकाळी बघतो तर खालचा जबडा एका बाजूला टच्च सुजलेला. तालुक्याला दाताच्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेलो. त्यांनी फोटो काढला आणि सूनबाईला विचारलं, ही दाढ कधीपासून किडलीय? सूनबाई म्हणाली, वर्षभर झालं असंल, पण दुधाचीच आहे ना मॅडम, पडंल की आपोआप. डॉक्टरबाई जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ताई, ही दुधाची नाही, ही पक्की दाढ आहे, सहाव्या वर्षी येते आणि जन्मभर राहायची असते, हिच्या जागी आता दुसरी येणार नाही.

दाढ वाचण्यापलीकडं गेली होती, काढावी लागली. आठ वर्षांच्या पोराची.

मला तिथं बाकड्यावर बसल्या बसल्या घाम फुटला. कारण सूनबाईला माहीत नसलं तर तिचा काही दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं, पण मला माहीत होतं की! निदान जनावरांच्या बाबतीत तरी पुरतं माहीत होतं. वासराला दुधाचे दात २० असतात आणि माणसाच्या लेकराला पण २०च. मोठ्या जनावराला ३२ आणि मोठ्या माणसाला पण ३२. आणि दोघांच्याही तोंडात प्रत्येक बाजूला वर-खाली मागच्या तीन-तीन दाढा अशा असतात की त्यांच्या आधी तिथं दुधाचा दात नसतोच, त्या डायरेक्ट पक्क्याच येतात. वासराची त्यातली पहिली साधारण सहा महिन्यांच्या आतबाहेर येते, लेकराची सहा वर्षांच्या आसपास. हे मी नोकरीत नवीन पोरांना शिकवलंय. आणि स्वतःच्या नातवाच्या तोंडात बघायचं मात्र एकदाही सुचलं नाही.

म्हणून म्हणतो, या दाढेची गोष्ट घराघरात कळली पाहिजे. दुधाचे दात सहाव्या महिन्यापासून यायला लागतात, अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसच्या वीस येतात. मग सहाव्या वर्षाच्या आसपास खालचे पुढचे दात हलायला लागतात आणि सगळं घर त्या हलणाऱ्या दाताकडं बघत बसतं, पोरगं पण जिभेनं तोच हलवत बसतं. त्याच दिवसात सगळ्यात मागं, दुधाच्या दाढेच्या पाठीमागं, काहीही न पडता गुपचूप एक मोठी दाढ वर येते. चार कोपऱ्यात चार. काही पडलं नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, ब्रश तिथपर्यंत पोचत नाही, आणि नवीन दाढेवर खाचा खोल असतात त्यात बिस्किटाचा चिखल बसतो. मग एक-दोन वर्षांत काळी पडते आणि आपण म्हणतो दुधाची आहे, पडंल. किती घरात हे वाक्य बोललं जात असेल साहेब.

आता बाजारात आम्ही कसं बघतो ते सांगतो, कारण शहरातल्या वाचकांना माहीत नसेल आणि आमच्याकडच्या नव्या पोरांना पण फक्त बैलांच्या शर्यतीच्या गटापुरतं आदत (एकही पक्का दात न आलेला) आणि दुसा एवढंच माहीत असतं. गाई-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथं नुसती घट्ट हिरडीची गादी असते. खाली आठ असतात, त्यावरच वयाचा सगळा हिशोब. दुधाचे दात बारीक, पांढरेशुभ्र, बुडाशी निमुळते. ते पडून मधले दोन रुंद पिवळसर दात आले की दुसा, ते साधारण अडीच वर्षाला. मग चार झाले की चौसा, सहा झाले की सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षाच्या पुढंमागं आठही आले की जनावर जुळलं. त्याच्या पुढं दात झिजतात, फाकतात, खुंट दिसायला लागतात, त्यावरून म्हाताऱ्या जनावराचा अंदाज. दुधाचा दात एकदा ओळखता आला की माणूस फसत नाही. आणि पोराच्या तोंडात पण अगदी हीच खूण, दुधाचा दात लहान आणि पांढरा, पक्का मोठा आणि किंचित पिवळा. कितीतरी आयांना वाटतं नवीन दात पिवळा आला म्हणजे काहीतरी बिघडलं, तर तसं नसतं, तो तसाच असतो.

तर एवढं बारकाईनं आपण बैलाचं बघतो, रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायच्या आधी बघतो, कारण खिशातून पैसे जाणार असतात. आणि आपल्यात म्हण पण आहे, धर्माची गाय आणि दात का गं नाय, म्हणजे फुकट मिळालेल्याचं तोंड बघायचं नाही. पोरगं काय आपण बाजारातून विकत आणलेलं नसतं. म्हणून त्याच्या तोंडात बघायची आपल्याला सवयच लागली नाही असं मला वाटतं. हे लिहिताना सुद्धा मला वाईट वाटतंय पण खरं आहे.

नातवाची दाढ काढल्यापासून तो रोज मला दातांचं विचारतो. आबा, उंदराचे दात किडतात का, हत्तीची दाढ पडली तर काय करतो. पहिले दोन दात पडले तेव्हा आमच्या मंडळींनी ते शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकले होते, आणि उंदराला सांग तुझ्यासारखा दात दे असं त्याला म्हणायला लावलं होतं. आता यात एक गंमतीची पण खरी गोष्ट आहे, उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडून झिजवले नाहीत तर तोंडाच्या बाहेर येऊन त्यालाच खाता येणार नाही. समोरून ते नारिंगी दिसतात कारण त्यांच्या इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरात, लोह असतं. म्हणजे आपल्या जुन्या बायकांनी मागायचंच तर ज्याच्याकडं कधी न संपणारे दात आहेत त्याच्याकडंच मागितलं. हत्तीचं वेगळंच, त्याचे सुळे म्हणजे पुढचे दात आणि दाढा विटेएवढ्या, प्रत्येक बाजूला वर-खाली आयुष्यभरात सहा येतात, पण आपल्यासारख्या खालून वर नाही तर मागून पुढं सरकत येतात, पुढची झिजून तुकडे पडून गेली की मागची तिच्या जागेवर. सहावी झिजली की संपलं. साठीच्या पुढचा जंगली हत्ती बऱ्याचदा असाच, चावता येईना म्हणून खंगून जातो. आणि आपल्या सांगलीच्या कृष्णेत मगरी आहेत त्यांचा दात पडला की खाली दुसरा तयारच असतो, जन्मभर असंच चालू.

नातू म्हणाला, मग आबा मला मगरीसारखे का नाहीत. मी काय सांगणार. माणसाला दोनच वेळा मिळतात बाळा, एकदा दुधाचे आणि एकदा पक्के, एवढंच सांगितलं. तो बराच वेळ जिभेनं ती रिकामी जागा चाचपत बसला.

आता प्रश्न येतो की गाईबैलाचे दात असे का किडत नाहीत, ते तर ब्रश करत नाहीत. हा प्रश्न मला गावात नेहमी विचारतात आणि वर म्हणतात, बघा, काही लागत नाही पेस्टबिस्ट. तर त्याचं कारण सरळ आहे. जनावर दिवसभर चारा खातं, साखर खात नाही. आणि रवंथ करताना गाईच्या तोंडात दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ सुटते, ती पण खारट सोड्यासारखी, आंबट काही टिकूच देत नाही. आपल्याला सगळी मिळून दिवसाला लिटर-दीड लिटरच्या आत, आणि झोपेत तर ती जवळजवळ बंदच होते. तोंडातले जंतू साखर खातात आणि त्याचं आम्ल करतात, त्या आम्लानं इनॅमल विरघळतं, मग लाळ हळूहळू ते भरून काढते, आणि तेवढ्यात पोरगं परत बिस्किट खातं. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली हे जास्त बघायचं असतं. सकाळी चहा-बिस्किट, शाळेच्या वाटेवर पाच रुपयाचं पुडकं, मधल्या सुट्टीत गोळी, घरी आल्यावर परत चहा-खारी, रात्री झोपताना गोड दूध. लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. आणि गूळ चालतो, मध चालतो, घरचा आहे, असं म्हणणाऱ्यांनी पण ऐका, जंतूला गूळ आणि साखर सारखीच. तान्ह्या बाळाला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवतात, त्याचे वरचे पुढचे दात आधी जातात, दीड-दोन वर्षांच्या पोराचे काळे खुंट मी आमच्याच वाडीत बघितलेत.

जनावरांना दाताचे आजार नसतात असं पण नाही हां. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळं दाढा तिरक्या झिजतात, वरच्या दाढेची बाहेरची कड आणि खालच्या दाढेची आतली कड सुरीसारखी होते आणि गाल-जीभ कापते. नोकरीत असताना एका तरण्या घोड्याला घेऊन मालक आला होता, म्हणे खातो पण वाळतोय, दाण्याला कमी नाही. मी बघतोय तर घोडा अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे तोंडातून टाकतोय. तोंड उघडून आमच्या डॉक्टरांनी दाढांच्या कडा कानशीनं घासल्या, महिन्यात घोडा भरला. मालक किती खूष, पुढच्या वर्षी परत दाखवायला आणला न सांगता. तो माणूस स्वतः गालात तंबाखू धरून बोलत होता आणि त्याच्या स्वतःच्या तोंडात पुढचे चारच दात होते.

आता तंबाखूचा विषय निघालाच आहे तर मिश्रीचं बोलतो, हे बोलल्याशिवाय आमच्या भागातल्या दातांचं बोलून उपयोग नाही. बाहेरच्या लोकांना वाटतं मिश्री म्हणजे खडीसाखर, आमच्याकडं मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू. घरात तवा ठेवला की सगळ्यांना ठसका. बायका सकाळी लावतात, दुपारी भांडी घासून झाली की लावतात, रात्री झोपताना लावतात, आणि विचारलं तर म्हणतात दात घासतोय. ते दात घासणं नाही हो, ते व्यसन आहे, बोटानं हिरडीवाटे तंबाखू रक्तात जातोय. हिरड्या खाली उतरतात, मुळं उघडी पडतात, मग गार पाणी लागलं की कळ जाते, ती कळ मारायला परत मिश्री. आमच्या मंडळींनी चाळीस वर्षं लावली. तिला लागली कशी? ११-१२ वर्षांची असताना दाढ दुखत होती म्हणून तिच्या आजीनं लावून दिली होती. अशा किती पोरींना औषध म्हणून लागलीय. वर गरोदरपणात पण लावतात, त्यानं बाळाचं वजन कमी भरतं हे आपल्याकडच्या डॉक्टरांनी अभ्यास करून दाखवलंय. १९९२ साली सरकारनं टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, चांगलं केलं, पण चुलीवरच्या तव्याला कोण बंदी करणार, ते घरातल्यांनीच करायला पाहिजे. आमच्या मंडळींनी नातवाची दाढ काढून आणली त्या दिवशी डबी बाहेर टाकली. दोन वेळा परत उचलली, परत टाकली. सध्या बंद आहे, तोंडात बडीशेप धरते. मी तिला काही बोलत नाही, फार अवघड असतं ते.

आणि गुटखा. २०१२ ला राज्यात बंदी आली, तरी पुड्या मिळतात हे तुम्हाला पण माहीत आहे, मला पण. सुपारीनं गाल आतून दोरखंडासारखे कडक होतात, तोंड उघडणं कमी होतं. आपली तीन बोटं उभी करून दातांच्या मध्ये जातायत का बघायचं, जात नसतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आमच्या गावात २४ वर्षांचा एक पोरगा आहे, बैलांचा नादिक, खोंडाचं तोंड एका हातानं उघडून दाखवतो, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत. मी त्याला फोटो दाखवला तुमच्या पेपरातला आणि मग त्याच्याच तोंडाचं बोललो, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होता.

दात ही काय किरकोळ गोष्ट नाही हे मला एका ठिकाणी फार पटलं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे, तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती. लहान पोरं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायची आणि घराच्याच जमिनीखाली पुरायची, अशी रीत होती. त्या लेकरांच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. हाडं नाजूक असतात पण दात टिकतात, कारण इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग. तर त्या दुधाच्या सुळ्यांवर काहींना बारीक खड्डे दिसले, दात घडत असताना बाळाचं पोषण कमी पडल्याची ती खूण असं त्यांनी मांडलं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मातीतल्या एका आईचं लेकरू कधी उपाशी राहिलं ते त्याच्या दातावर लिहिलेलं राहिलं. दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात आणि ही सहा वर्षांची दाढ जन्माच्या सुमारास. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात, त्यामुळं हाड मोडलं तर जुळतं पण खड्डा पडलेला दात स्वतः भरत नाही. मी हे वाचलं तेव्हा मला गरोदर बायकांच्या आहाराचं जास्त पटलं, भाषणांनी पटलं नव्हतं एवढं.

आता करायचं काय. सरकारकडं योजना नाही असं नाही. २०१३ साली आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांची टीम यायची असते आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दात पण आहेत. २०२३ ला राज्यानं स्वच्छ मुख अभियान काढलं, सचिन तेंडुलकर त्याचा चेहरा. चांगलं आहे सगळं. पण मी एका शाळेत तपासणीच्या दिवशी मुद्दाम जाऊन बसलो होतो, पोरं रांगेत येत होती, आ कर म्हणायचं, लांबून बघायचं, पुढं जा. डॉक्टरांना पण मी दोष देत नाही, एका दिवसात किती पोरं, किती गावं. पण मागची दाढ अशी दिसत नाही. टॉर्च पाहिजे, गाल बाजूला करायला एक चमचा नाहीतर लाकडी पट्टी पाहिजे आणि कार्डावर एक ओळ पाहिजे, सहा वर्षांची दाढ आली का, चार पैकी किती, खाच काळी आहे का. आम्ही जनावरांना टॅग मारताना वय दातावरून लिहितो, मग पोराच्या कार्डावर एक ओळ का नको. आणि नवीन दाढेच्या खाचा किडायच्या आधीच लेप लावून बंद करता येतात, टोचत नाही, कापत नाही, दुखत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या पाच-दहा मिनिटांचं काम. ते शाळेत शिबिर घेऊन झालं तर किती दाढा वाचतील. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, खाजगी तर गावोगाव झालीत, त्यांची शिकणारी पोरं घेऊन हे होण्यासारखं आहे.

बाकी घरात करायचं ते घरातच. रात्री जेवल्यावर ब्रश, सकाळपेक्षा रात्रीचा जास्त महत्त्वाचा, कारण मघाशी सांगितलं तसं झोपेत लाळ आटते. फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी, त्याच्या पुढं वाटाण्याएवढी, आणि सहा-सात वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यानं करून द्यायचा, पोराच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोरांच्या येणाऱ्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, त्यांनी आधी पाणी तपासून घ्यावं आणि डॉक्टरांना विचारावं. राखुंडी, मीठ, विटेची भुकटी यांनी इनॅमल घासलं जातं, ते परत येत नाही. दात काढला की नजर जाते हे साफ खोटं आहे, या एका भीतीपायी लोक सडलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात.

आणखी एक, हे शाळेतल्या मास्तरांसाठी. आमच्या शाळेत मागं कबड्डी खेळताना एका पोराचा पुढचा पक्का दात मुळासकट उडाला. पोरांनी तो हापशाखाली वाळूनं चकचकीत घासला, कोरड्या कागदात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेला. उपयोग झाला नाही. असा दात तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या बाजूला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, घाण असेल तर नुसता खंगाळायचा, आणि जमलं तर तिथंच जागेवर परत बसवायचा नाहीतर थंड दुधाच्या वाटीत टाकून तासाभरात डॉक्टरकडं न्यायचा, तर तो परत धरू शकतो. पण हे फक्त पक्क्या दाताचं, दुधाचा परत बसवत नाहीत. दूध तर आमच्याकडं प्रत्येक घरात असतं साहेब, फक्त कोणी सांगितलेलं नव्हतं.

माझी तुमच्याकडं विनंती एकच आहे. तो खोंडाच्या तोंडाचा फोटो जेवढा मोठा छापला होता तेवढाच मोठा एक फोटो सहा-सात वर्षांच्या पोराच्या उघड्या तोंडाचा छापा, आणि त्यात मागच्या चार दाढांना लाल गोल करून खाली ठळक लिहा, ही पक्की आहे, ही पडत नाही. आमच्याकडं पेपरातली चांगली पानं किराणा दुकानाच्या दारावर, दूध डेअरीत, एसटी स्टँडवरच्या कटिंगच्या दुकानात चिकटवतात, महिनोन् महिने राहतात. मी स्वतः २० प्रती विकत घेऊन अंगणवाडीत आणि शाळांत देईन. फोटोसाठी पोरगं मिळत नसेल तर आमची नात आहे, तिच्या आई-बापाची परवानगी मी घेतलीय.

ती साडेपाच वर्षांची आहे. हल्ली रोज रात्री ब्रश झाला की ती माझ्यापुढं येऊन मांडीवर डोकं टाकते आणि न सांगता आ करते, मी बॅटरी लावून बघतो. कालच उजव्या बाजूला खाली, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागं, हिरडी जरा फुगून पांढुरकी दिसायला लागलीय.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. माण, जि. सातारा